तक्त्यात ६८ टक्के दिसतात, म्हणून समाजशास्त्र सोडायचं का?

वाचकाचं पत्र

आमच्या शहराचा एक सरकारी तक्ता हाती आला. २५ ते ६४ वयाच्या पदवीधरांपैकी कोणत्या शाखेचे किती जण कामावर आहेत, ते त्यात दिलंय. आरोग्य ८८ टक्के, व्यवस्थापन व कायदा ८१, सामाजिक शास्त्रे ६८, कला व भाषा ६४. खाली बारीक अक्षरांत लिहिलंय, की आकडे नमुना पाहणीचे आहेत. नमुन्यात सामाजिक शास्त्रांचे ६० जण होते आणि व्यवस्थापन-कायद्याचे २४०. मुलीला समाजशास्त्र घ्यायचंय. घरातले सगळे म्हणतात व्यवस्थापन घे. गुण दोन्हीकडे पुरतात. हा तक्ता बघून तिला थांबवावं का? आणि उद्या ती शहराबाहेर गेली, तर या आकड्यांचा उपयोग काय?
– एक आई

उत्तर

ताई, एवढ्या तक्त्यावरून तिला थांबवू नका. तक्ता खोटा नाही. पण तो ज्या प्रश्नाचं उत्तर देतो, तो तुमचा प्रश्न नाही. आज या शहरात राहणाऱ्या, अमुक शाखेची पदवी असलेल्या २५ ते ६४ वयाच्या माणसांपैकी पाहणीच्या आठवड्यात किती जण काम करत होते, एवढंच तो सांगतो. तुम्हाला हवंय ते वेगळं: मुलीने आज ही शाखा घेतली, तर पदवीनंतर तिला कोणतं काम मिळेल. तुमच्या प्रश्नापर्यंत या आकड्यांवरूनही जाता येतं, फक्त चार-पाच हिशेब मधे करावे लागतात. कागद-पेन्सिल घेऊन बसा, आणि मुलीलाही बसवा.

पहिलं बघायचं ते छेदाकडे, म्हणजे कितींपैकी कोणाला मोजलंय तिकडे. ‘कामावर’ म्हणजे काय, हे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या व्याख्येवरून ठरतं: पाहणीच्या आठवड्यात मोबदल्यासाठी किंवा नफ्यासाठी एक तास जरी काम केलं, तरी माणूस रोजगारात धरला जातो. म्हणजे पूर्णवेळ अधिकारी आणि आठवड्याला दोन शिकवण्या घेणारी मुलगी, दोघंही त्या ६८ टक्क्यांत सारखीच मोजली जातात. ‘बेरोजगार’ म्हणवण्यासाठी नुसतं काम नसणं पुरत नाही. माणूस अलीकडे काम शोधत असला पाहिजे आणि मिळालं तर लगेच करायला तयार असला पाहिजे. जो शोधतच नाही तो श्रमशक्तीबाहेर. पुढचं शिक्षण घेणारे, घर-मुलं सांभाळणारे, आजारी, लवकर निवृत्त झालेले, असे सगळे तिथे जातात.

याचा परिणाम किती मोठा असतो, ते कल्पित आकड्यांवर पाहा. एका शाखेचे १,००० पदवीधर आहेत: ७०० कामावर, ५० शोधात, २५० श्रमशक्तीबाहेर. दुसरीचेही १,०००: ८२० कामावर, ८० शोधात, १०० बाहेर. तुमच्या तक्त्याच्या पद्धतीने पहिली शाखा ७० टक्क्यांवर आणि दुसरी ८२ वर. दुसरी सरस दिसते. आता बेरोजगारीचा दर काढा. तो काढताना छेदात फक्त कामावरचे आणि शोधातले येतात. पहिलीचा ५० भागिले ७५०, म्हणजे ६.७ टक्के. दुसरीचा ८० भागिले ९००, म्हणजे ८.९ टक्के. ज्यांना काम हवं होतं त्यांना पहिल्या शाखेत ते जास्त सहज मिळत होतं! म्हणून सांख्यिकी कार्यालयाकडे दोन्ही दर मागा. ज्या शाखांत बायकांचं प्रमाण जास्त, तिथे घरातल्या जबाबदाऱ्यांमुळे बाहेर राहणाऱ्यांची संख्याही बहुधा जास्त असते. त्यामुळे स्त्रियांचा स्तंभ स्वतंत्र मागा आणि एका शाखेतल्या स्त्रियांची तुलना दुसऱ्या शाखेतल्या स्त्रियांशीच करा.

दुसरी गोष्ट वयाची, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. २५ ते ६४ हा पट्टा फार रुंद आहे. काही शाखा जुन्या, त्यांचे पदवीधर साठीकडे झुकलेले. काही नव्या, सगळी तरुण मंडळी. पुन्हा कल्पित आकडे घेऊ. ‘अ’ शाखेत २५–३४ वयाचे ६०० जण, त्यांतले ८० टक्के कामावर. ३५–५४ चे ३००, ९० टक्के कामावर. ५५–६४ चे १००, ५० टक्के कामावर. एकूण ८००, म्हणजे ८० टक्के. ‘ब’ शाखेत २५–३४ चे २००, ८२ टक्के कामावर. ३५–५४ चे ४००, ९२ टक्के. ५५–६४ चे ४००, ५५ टक्के. एकूण ७५२, म्हणजे ७५.२ टक्के. ‘ब’ प्रत्येक वयोगटात पुढे आहे आणि एकूण आकड्यात मागे पडली. कारण एवढंच, की तिच्यात निवृत्तीला आलेली माणसं जास्त आहेत.

यावरचा उपाय साधा आहे. दोन्ही शाखांना वयाची एकच वाटणी लावायची, उदाहरणार्थ संपूर्ण शहरातल्या पदवीधरांची. समजा ती ३०, ५० आणि २० टक्के आहे. मग ‘अ’ ला मिळतात २४ + ४५ + १० = ७९, आणि ‘ब’ ला २४.६ + ४६ + ११ = ८१.६. हा आकडा तुलनेचा. तुमच्या मुलीसाठी मात्र त्याहून जवळचा आकडा २५–२९ किंवा २५–३४ वयोगटाचा आहे. त्यातही एक काळजी घ्या: सामाजिक शास्त्रांचे पुष्कळ पदवीधर या वयात पदव्युत्तर किंवा संशोधनाचं शिक्षण घेत असतात. ते कामावर दिसत नाहीत, पण बेकारही नसतात. शिकत असलेले वगळून उरलेल्यांचा दर मागा.

आता तुमच्या तक्त्यातल्या त्या बारीक अक्षरांकडे येतो. ती तुम्ही वाचलीत आणि पत्रात लिहिलीत, म्हणून पुढचा हिशेब करता येतो. नमुन्यातल्या टक्केवारीची चूकमर्यादा अशी काढतात: प्रमाण गुणिले (१ वजा प्रमाण), भागिले नमुन्यातली माणसं, त्याचं वर्गमूळ, गुणिले १.९६ (९५ टक्के खात्रीसाठीचा ठरलेला आकडा). सामाजिक शास्त्रांसाठी ०.६८ × ०.३२ ÷ ६०, वर्गमूळ ०.०६०, आणि १.९६ ने गुणलं की सुमारे ०.१२, म्हणजे टक्केवारीत १२ अंश. म्हणजे खरा आकडा ५६ ते ८० यांच्यात कुठेही असू शकतो. व्यवस्थापन-कायद्यासाठी २४० माणसं आहेत, म्हणून मर्यादा ५ अंशांचीच: ७६ ते ८६. दोन्हींतला फरक १३ अंश, आणि त्या फरकाची स्वतःची चूकमर्यादा १२.८. फरक जेमतेम तिच्या बाहेर पडतो. पण हे गणित माणसं सुटी-सुटी निवडली, असं धरून केलेलं आहे. प्रत्यक्ष पाहणीत आधी वस्त्या निवडतात आणि मग त्यांतली घरं. शेजारी राहणारी माणसं पुष्कळ बाबतींत एकमेकांसारखी असतात, त्यामुळे ६० जणांकडून मिळालेली माहिती ६० स्वतंत्र माणसांइतकी भरत नाही. या रचनेचा परिणाम १.५ धरला, म्हणजे ६० जण ४० स्वतंत्र माणसांइतकेच भरतात असं मानलं, तर मर्यादा त्याच्या वर्गमुळाने, म्हणजे १.२२ पटीने वाढते आणि १५.७ अंशांवर जाते. मग तुमच्या घरात ज्या १३ अंशांवरून वाद चाललाय, तो फरक खरोखर आहे की निव्वळ नमुन्याचा खेळ, हे या तक्त्यावरून सांगता येत नाही. आरोग्याचा ८८ मात्र बराच वर आहे आणि तो बहुतेक ठिकाणी वरच असतो.

नमुना छोटा असेल तर तीन किंवा पाच वर्षांच्या पाहण्या एकत्र करून मागा, किंवा लोक रोज जिथून कामाला ये-जा करतात तो आसपासचा सगळा पट्टा एक धरा. शाखा एकत्र करू नका, कारण त्या आधीच फार एकत्र झालेल्या असतात.

त्याचं कारण वर्गीकरणात आहे. शाखांच्या वर्गवारीचा युनेस्कोचा २०१३ चा आराखडा अनेक देशांत वापरतात. त्यात १० मुख्य क्षेत्रं आहेत, शिवाय पायाभूत स्वरूपाच्या शिक्षणासाठी एक वेगळा गट. त्यांचे पुढे २९ पोटगट आणि त्याखाली सुमारे ८० तपशीलवार शाखा. छापील तक्त्यात बहुधा मुख्य क्षेत्रंच येतात. सामाजिक शास्त्रांच्या क्षेत्रात अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र यांच्या जोडीला पत्रकारिता आणि ग्रंथालयशास्त्रही आहे. कायदा बसतो व्यवस्थापन आणि लेखापालनाबरोबर, पशुवैद्यक शेतीबरोबर, आणि समाजकार्य थेट आरोग्याच्या क्षेत्रात. तेव्हा तुमच्या तक्त्यातल्या ६० जणांत समाजशास्त्राचे कदाचित सात-आठच असतील. ६८ टक्के हा समाजशास्त्राचा आकडा नव्हेच.

त्याहून मोठी गोम अशी, की पाहणीत बहुधा सर्वोच्च पदवीचीच शाखा नोंदवतात. समाजशास्त्रात पदवी घेऊन पुढे शिक्षणशास्त्राची पदवी घेतली आणि शाळेत लागली, तर ती बाई ‘शिक्षण’ या ओळीत जाते. पदवीनंतर व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम केला तर ‘व्यवस्थापन’ ओळीत. पुढे दुसऱ्या शाखेत जाऊन नोकरी मिळवलेले लोक सामाजिक शास्त्रांच्या खात्यातून वजा होतात आणि दुसऱ्याच्या खात्यात जमा होतात. तुमच्या घरातल्यांना आवडलेल्या त्या ८१ टक्क्यांत पहिली पदवी समाजशास्त्राची असलेलीही काही माणसं असणार. पाहणीत पहिल्या पदवीची शाखा विचारली असेल, तर तीच मागा. अमेरिकेच्या जनगणना विभागाच्या वार्षिक पाहणीत २००९ पासून पदवीची शाखा विचारतात आणि तिथे प्रश्न पहिल्या पदवीचाच आहे. म्हणजे असा आकडा गोळा करणं अशक्य नाही.

स्थलांतराबद्दल थोडक्यात. तक्ता राहत्या जागेवरून भरतात, कामाच्या जागेवरून नाही. शेजारच्या मोठ्या शहरात रोज जाणारा माणूसही तुमच्या शहरात ‘कामावर’ दिसतो. आणि ज्यांना इथे काम मिळालं नाही ते निघून गेले असतील, तर ते या तक्त्यात कुठेच नाहीत; उरलेल्यांचा दर आपोआप चांगला दिसतो. जिथे मोठं विद्यापीठ आहे तिथे उलटं होतं: पदवीनंतर पुढची वाट शोधत तिथेच रेंगाळणाऱ्यांमुळे दर पडलेला दिसतो.

आता मुद्द्याच्या प्रश्नाकडे येऊ: काम आहे का, यापेक्षा कोणतं काम आहे? यासाठी शाखा आणि व्यवसाय यांचा आडवा-उभा तक्ता लागतो. व्यवसायांचं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण २००८ चं आहे, त्यात १० मुख्य गट आहेत. गट १ व्यवस्थापक, २ व्यावसायिक तज्ज्ञ, ३ तंत्रज्ञ व सहायक तज्ज्ञ, ४ कारकुनी, ५ सेवा व विक्री, आणि पुढे शेती, कारागिरी, यंत्रचालन, साधी अंगमेहनत. सशस्त्र दलांचा गट शून्य. पदवीधर १ ते ३ मध्ये असेल तर पदवीच्या पातळीचं काम मिळालं असं ढोबळमानाने धरतात. ४ ते ९ मध्ये असेल तर शिक्षणाच्या मानाने खालचं. एखाद्या शाखेचे ९० टक्के पदवीधर कामावर असतील, पण त्यांतले निम्मे ४ आणि ५ मध्ये असतील, तर त्या ९० ला भुलण्यात अर्थ नाही.

इथे दोन प्रकारची विजोड वेगवेगळी ओळखा. शाखा एक आणि काम दुसऱ्या क्षेत्रातलं, पण पातळी पदवीचीच, हा एक प्रकार. कामाची पातळीच खालची, हा दुसरा. वेतनाला मोठा फटका बसतो तो बहुधा दुसऱ्या प्रकारात, किंवा दोन्ही एकत्र आले तेव्हा. नुसती शाखा बदलली म्हणून तेवढं नुकसान होत नाही. वैद्यक, शुश्रूषा, कायदा, अध्यापन यांत कामासाठी परवाना किंवा ठरावीक पदवी लागते, म्हणून तिथे शाखा आणि व्यवसाय घट्ट जुळलेले दिसतात. समाजशास्त्र, इतिहास, निखळ विज्ञान आणि व्यवस्थापनसुद्धा सैल शाखा आहेत. त्यांचे पदवीधर दहा ठिकाणी विखुरतात. सैल शाखेत पहिली नोकरी मिळायला वेळ जास्त लागतो. उलट घट्ट शाखेत तो एक व्यवसाय मंदावला, तर दुसरीकडे वळणं अवघड जातं. तुमच्या घरातला वाद दोन सैल शाखांमधला आहे, हे ध्यानात घ्या. व्यवस्थापन म्हणजे हमखास नोकरी, अशी समजूत असते. पण त्या ओळीत कायदा आणि लेखापालन ही जास्त घट्ट क्षेत्रं मिसळलेली आहेत आणि ८१ चा बराचसा भार तीच उचलत असतील. कायदा आणि लेखापालन वेगळं काढून उरलेल्या व्यवस्थापनाचा आकडा मागा, मग बोला.

शहरात पुढे किती जागा निघतील याचा अंदाज घरी काढता येतो. बहुतेक व्यवसायांत नव्या जागांपेक्षा निवृत्तीने आणि सोडून जाण्याने रिकाम्या होणाऱ्या जागा जास्त असतात. समजा एका व्यवसायात शहरात ४०० माणसं आहेत आणि त्यांतली ३५ टक्के ५५ च्या पुढची. म्हणजे येत्या दहा वर्षांत १४० जागा, वर्षाला सरासरी १४. त्याच विषयाचे वर्षाला ६० पदवीधर बाहेर पडत असतील तर गर्दी किती, ते लगेच कळतं. हा हिशेब प्रत्येक शाखेसाठी करा, आज गाजत असलेल्या शाखेसाठी तर नक्कीच. वेतन चढलं की प्रवेश वाढतात, आणि ते सगळे तीन-चार वर्षांनी एकदम बाजारात येतात. अमेरिकेत इंजिनिअरांच्या बाबतीत हे चढउताराचं चक्र १९७० च्या दशकातच अभ्यासलं गेलं.

जाहिरातींवरूनही अंदाज येतो. तीन महिन्यांतल्या १०० स्थानिक जाहिराती घ्या, एकच जागा दोनदा आली असेल तर काढून टाका, आणि तीन ढीग करा: ठरावीक शाखा मागणाऱ्या, कोणतीही पदवी चालणाऱ्या, आणि पदवीपेक्षा कौशल्य मागणाऱ्या. मात्र माणसं जिथे टिकत नाहीत त्या जागांच्या जाहिराती पुन्हा पुन्हा येतात, आणि परीक्षेने किंवा ओळखीने भरल्या जाणाऱ्या जागा इथे दिसतच नाहीत. त्यामुळे हा आकडा एकट्याने वापरू नका.

संस्था जे नोकरी मिळाल्याचे दर छापतात, त्यांचाही छेद विचारा. १२० विद्यार्थ्यांच्या तुकडीत ७० जणांनी नाव नोंदवलं आणि ६३ जणांना नोकरी लागली, तर जाहिरातीत ९० टक्के येतात; पूर्ण तुकडीचे होतात ५२.५. किती महिन्यांच्या आत, कोणत्या पदावर, आणि सरासरी नव्हे तर मध्यक वेतन (सगळे पगार क्रमाने लावल्यावर मधोमध येणारं) किती, एवढं विचारलं की चित्र स्पष्ट होतं. दोन-चार भरमसाट पगारांनी सरासरी फुगते, मध्यक फुगत नाही.

मुलीच्या ओढीचं महत्त्व किती? माझ्या मते भरपूर, आणि त्याला आधार आहे. नॉर्वेत प्रवेश गुणांवरून केंद्रीय पद्धतीने होतात. तिथे गुणांच्या सीमारेषेच्या किंचित वर आणि किंचित खाली असलेल्या विद्यार्थ्यांची तुलना करणारा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं, की शाखेचा वेतनावर मोठा परिणाम होतो, पण तो किती, हे विद्यार्थ्याचा दुसरा पर्याय कोणता होता यावर अवलंबून असतं. आणि ज्यात आपण तुलनेने चांगले आहोत अशी शाखा विद्यार्थी निवडताना दिसतात. म्हणून आरोग्याचा ८८ बाजूला ठेवा, ती तिकडे जाणारच नाही. तुलना समाजशास्त्र आणि व्यवस्थापन या दोघांचीच करा, तीही तिच्या वयोगटातल्या स्त्रियांची.

समाजशास्त्र घेतलं तर अभ्यासक्रम निवडताना त्यात संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धतीचे किती पेपर आहेत ते मोजा. प्रश्नावली तयार करणं, नमुना ठरवणं, आर किंवा स्टाटासारख्या सॉफ्टवेअरवर माहितीचं विश्लेषण करणं, मुलाखती नोंदवून त्यांचं वर्गीकरण करणं, हे हाताशी असलेल्या पदवीधराला गट २ आणि ३ मधली कामं मिळण्याची शक्यता वाढते. केवळ सिद्धान्त शिकवणारा अभ्यासक्रम असेल, तर हे भाग तिला बाहेरून जोडावे लागतील. त्यासाठी दुसऱ्या वर्षापासून आठवड्याला पाच-सहा तास धरा. प्रत्यक्ष पाहणीचं काम दुसऱ्या सुट्टीच्या आत मिळालं पाहिजे. शेवटच्या वर्षापर्यंत थांबलं, की त्याच्या अनुभवावर अर्ज करायला वेळ उरत नाही.

शहराबाहेर गेली तर काय, हा तुमचा दुसरा प्रश्न. काही कामं लोकवस्तीबरोबर सगळीकडे पसरलेली असतात: शाळा, दवाखाने, हिशेबाची कामं. त्यांच्यासाठी स्थानिक तक्ता बऱ्यापैकी उपयोगी पडतो. संशोधन, सर्वेक्षण, धोरण आणि बाजार-अभ्यासाची कामं मोजक्या मोठ्या शहरांत गोळा झालेली असतात. तुमच्या शहरात ती किती, हे बघायला एक भागाकार करा: शहरातल्या एकूण नोकऱ्यांत त्या क्षेत्राचा वाटा, भागिले संपूर्ण देशात त्याच क्षेत्राचा वाटा. उत्तर १ च्या आसपास आलं तर सर्वसाधारण, २ आलं तर शहर त्या कामाचं केंद्र, ०.३ आलं तर त्या कामासाठी बाहेर जावंच लागेल. क्षेत्रात शंभरपेक्षा कमी माणसं असतील तर या उत्तरावर फार विसंबू नका. एक मोठी कचेरी उघडली किंवा बंद झाली तरी ते दुप्पट किंवा निम्मं होतं. समाजशास्त्रासाठी उत्तर कमी आलं आणि मुलगी शहर सोडायला तयार असेल, तर ती जिथे जाऊ शकते त्या दोन-तीन शहरांचा २५–३४ वयोगटाचा शाखा-व्यवसाय तक्ता मागवा आणि निर्णय त्यावर घ्या. सोडायला तयार नसेल, तर व्यवस्थापनालाही हाच भागाकार लावून बघा.